पांढरा साका नेमका कशाचा?

वाचकांचे प्रश्न : पदार्थ ओळखणं आणि वेगळे करणं

यावेळी आलेल्या बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच जातीची आहे : कृती पुस्तकाप्रमाणे केली, तरी निकाल पुस्तकाप्रमाणे येत नाही. चाचणी सहसा खोटं बोलत नाही. नळीत जे आहे, त्यालाच ती उत्तर देते. नळीत काय आहे याची आपली समजूत मात्र अनेकदा चुकलेली असते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही बारावीचे विद्यार्थी क्षारांचं परीक्षण करतोय. सिल्व्हर नायट्रेट घातलं की प्रत्येक क्षाराच्या द्रावणात पांढुरकेपणा येतो, अगदी पोटॅशियम नायट्रेटमध्येसुद्धा. मग क्लोराइड आहे की नाही हे ठरवायचं कसं?

उत्तर : पहिला संशय क्षारावर नको, पाण्यावर घ्या. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २५ अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतं. त्यामुळे ही चाचणी फार तिखट आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड तिला सहज दिसतं. धुतल्यावर नळी शेवटी शुद्ध पाण्यानं विसळली नसेल, तर काचेला चिकटलेला ओलावाही पुरतो. आधीच्या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलेला ड्रॉपर तसाच सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीत बुडवला असेल, तर ती बाटलीच बाद समजा.

म्हणून तीन नळ्या शेजारी शेजारी लावा. तिन्हींत ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या. पहिलीत आणखी काही घालू नका. ही कोरी नळी. दुसरीत तुमचा क्षार चिमूटभर घाला. तिसरीत मिठाचे चारदोन कण टाका. आता प्रत्येकीत विरल नायट्रिक आम्लाचे १० थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे ५ थेंब घाला. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण १०० मिली पाण्यात १.७ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोलर असलं की पुरे. काळा कागद मागे धरून बघा. कोरी नळी काचेसारखी स्वच्छ राहिली पाहिजे. ती दुधाळली, तर पाणी, आम्ल, नळी किंवा ड्रॉपर यांपैकी काहीतरी खराब आहे आणि दुसऱ्या नळीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मिठाच्या नळीत दह्याच्या कवडीसारखा दाट साका, म्हणजे द्रावणातून बाहेर पडणारा न विरघळणारा पदार्थ, येतो आणि हलवला की गोळे धरून खाली बसतो. तुमच्या नळीत नुसती धुरकट झाक असेल, तर क्लोराइड मळ म्हणून आलंय, क्षाराचा घटक म्हणून नव्हे. हा फरक डोळ्याला एकदा सवयीचा झाला, की पुढे चूक होत नाही.

आम्ल आधी घालायचं, कारण कार्बोनेटही चांदीबरोबर साका देतं. नायट्रिक आम्लात ते फसफसून निघून जातं. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणं म्हणजे आपल्याच हातानं क्लोराइड ओतणं. सल्फ्युरिकही नको, कारण सिल्व्हर सल्फेट कमी विरघळतं आणि दाट द्रावणात तेच खाली बसतं.

साका आला की लगेच ‘क्लोराइड’ लिहून मोकळे होऊ नका. वरचं पाणी ओतून टाका आणि साक्यावर विरल अमोनिया घाला. सिल्व्हर क्लोराइड असेल तर साका विरघळून द्रावण स्वच्छ होईल आणि पुन्हा नायट्रिक आम्ल घालून आम्लधर्मी केलं की परत येईल. ब्रोमाइडचा साका किंचित पिवळट असतो. तो विरल अमोनियात नीट विरघळत नाही, संहत अमोनिया लागतो. आयोडाइडचा पिवळा साका संहत अमोनियातही तसाच राहतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. अमोनियात विरघळवलेली चांदी रात्रभर ठेवू नका. त्या द्रावणात साठवणीत स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. चाचणी संपताच त्यात विरल आम्ल घालून ते आम्लधर्मी करा आणि चांदीच्या टाकाऊ बाटलीत ओता.

प्रश्न : ज्योत परीक्षणात कोणताही क्षार घेतला तरी ज्योत पिवळीच दिसते.

उत्तर : तो सोडियमचा रंग आहे. सोडियम इतक्या कमी प्रमाणातही दिसतो, की बोटाच्या घामातलं मीठ तारेला लागलं तरी ज्योत पिवळी होते. म्हणून तारेच्या टोकाला हात लावायचा नाही.

प्लॅटिनमची किंवा नायक्रोमची तार काचकांडीत बसवून टोकाला बारीक वेढा करा. वॉचग्लासमध्ये संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घ्या, तार त्यात बुडवून ज्योतीच्या निळ्या भागात धरा. पुन्हा बुडवा, पुन्हा धरा. ज्योतीला रंग येईनासा झाला की तार स्वच्छ. चारपाच वेळा तरी करावं लागतं, आणि घाई करणारे इथेच चुकतात. मग ओल्या तारेला क्षाराचे कण चिकटवून ज्योतीच्या कडेला, तळाशी धरा. आम्लाचं काम केवळ सफाईचं नाही. धातूंची क्लोराइडं उष्णतेनं लवकर वाफ होतात, म्हणून रंग ठळक येतो. सल्फेट किंवा फॉस्फेट नुसतं धरलं तर रंग फिका पडतो. वॉचग्लासमधलं आम्ल प्रत्येक क्षारानंतर बदला, नाहीतर आधीचा क्षार पुढच्यात दिसेल.

पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत सोडियमच्या पिवळ्याखाली हमखास लपते. ती निळ्या कोबाल्ट काचेतून पाहा. काच पिवळा प्रकाश शोषून घेते आणि पोटॅशियमची ज्योत किरमिजी दिसते. कॅल्शियमची विटकरी ज्योत त्याच काचेतून फिकट हिरवी दिसते, स्ट्रॉन्शियमची लाल ज्योत जांभळी. बेरियम पोपटी, तांबं निळसर हिरवं. लिथियम आणि स्ट्रॉन्शियम दोघंही लाल असल्यामुळे नुसत्या डोळ्यांवर त्यांचा निवाडा करू नये. शक्य असेल तर साधा स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे ज्योतीचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांच्या रेषांत फोडून दाखवणारं साधन, लावा. रंग एकमेकांत मिसळले तरी स्पेक्ट्रोस्कोपमधल्या रेषा आपापल्या जागीच राहतात. याच जोरावर बन्सन आणि किर्खहोफ यांनी १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम शोधलं. दोन्ही नावं त्यांच्या रेषांच्या रंगांवरून पडली आहेत : एक आभाळी निळा, दुसरा गडद लाल.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. काळ्या शाईचे रंग कागदावर वेगळे करून दाखवायचे आहेत, पण कधी नुसता डाग पसरतो, तर कधी शाई जागची हलतच नाही. नेमकं प्रमाण सांगाल का?

उत्तर : आनंदानं. हा प्रयोग कितीही वेळा केला तरी पाहताना कंटाळा येत नाही.

फिल्टर पेपरची १२ सेंटिमीटर उंचीची पट्टी कापा. खालच्या कडेपासून १.५ सेंटिमीटरवर शिसपेन्सिलीनं रेघ मारा. पेनची रेघ नको, तिचीच शाई वर चढेल. रेघेवर शाईचा ठिपका बारीक केशनलिकेनं द्या. ठिपका २ ते ३ मिलिमीटरचाच हवा. फिका वाटला तर तो पूर्ण वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा टेकवा, असं तीनचार वेळा करा. ओल्यावर ओलं दिलं की ठिपका सुपारीएवढा होतो आणि मग वर जाताना रंगांचे पट्टे एकमेकांवर चढतात. तुमचा पसरलेला डाग बहुधा यामुळेच येतो.

उंच बरणीत पाण्याची पातळी अर्धा सेंटिमीटर ठेवा. पाणी ठिपक्याच्या खालीच राहिलं पाहिजे. वर गेलं तर शाई पट्टीवर चढण्याऐवजी बरणीतल्या पाण्यात उतरते. पट्टी मधोमध लोंबकळू द्या, भिंतीला टेकली तर पाणी त्या बाजूनं झपाट्यानं चढतं आणि पट्टे तिरके होतात. बरणीला झाकण हवंच. आतली हवा वाफेनं भरलेली नसेल, तर कागदावरचं पाणी वाटेतच वाळत राहतं.

आता पाहत राहा. ओलावा ठिपक्यापाशी पोचला की आधी त्याची वरची कड मऊ पडते, तिथून निळसर जीभ निघते, मागोमाग जांभळा पट्टा सुटतो, आणि पिवळा असला तर बहुतेक पुढे पळतो. नेमके कोणते रंग सुटतील, हे त्या शाईवर अवलंबून आहे. जो रंग पाण्याला अधिक धरतो तो पुढे जातो, जो कागदाला अधिक धरतो तो मागे राहतो. पाणी वरच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर आलं की पट्टी काढा आणि ओली असतानाच पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण करा. वाळल्यावर ती रेषा सापडत नाही आणि सगळं मोजमाप वाया जातं.

मोजताना दोन्ही अंतरं पेन्सिलीच्या रेघेपासून घ्या. पाणी ८ सेंटिमीटर गेलं आणि निळ्या पट्ट्याचा मध्य ५.२ सेंटिमीटरवर असेल, तर ५.२ भागिले ८, म्हणजे ०.६५ हे त्याचं आरएफ मूल्य. हा आकडा कागद, द्रावक आणि तापमानानुसार बदलतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडून ओळख पटवू नका. संशयित नमुना आणि माहितीचा रंग एकाच कागदावर, एकाच रेघेवर शेजारी शेजारी चढवा. दोघं एका उंचीवर आले, तर तो पुरावा बराच भक्कम. दुसऱ्या द्रावकातही एका उंचीवर आले, तर आणखी भक्कम.

शाई हलतच नसेल, तर ती पाण्यात विरघळणारी नाही. पक्क्या मार्करसाठी पाण्याऐवजी अल्कोहोल घेऊन पाहा, मात्र जवळ ज्योत नको. काही काळ्या शायांत काजळीचे कण असतात. ते कण विरघळत नाहीत, म्हणून कुठल्याच द्रावकात वेगळे होणार नाहीत.

या तंत्राला क्रोमॅटोग्राफी हे नाव मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०६ साली दिलं. पानांतली रंगद्रव्यं त्यानं खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीतून उतरवून वेगळी केली होती. मुलांसाठी पुढचा प्रयोग हवा असेल, तर हिरव्या पानाचा अर्क घ्या.

प्रश्न : पोटॅशियम नायट्रेटमध्ये थोडं मीठ मिसळलं गेलं आहे. स्फटिक करून वेगळं करता येईल का? एकदा केलं तेव्हा स्फटिकच आले नाहीत, दुसऱ्यांदा आले ते खारट निघाले.

उत्तर : येईल, पण आधी एक विनंती. प्रयोगशाळेतलं काहीही चाखू नका. मिठाचा तपास चांदीनं करायचा, जिभेनं नाही.

सगळा खेळ विद्राव्यतेच्या आकड्यांचा आहे. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट ६० अंशांना सुमारे ११० ग्रॅम विरघळतं, २० अंशांना ३२ आणि शून्याला अवघं १३. मीठ मात्र थंड असो की गरम, ३६ ते ३९ ग्रॅमच्या आसपासच. म्हणजे निवताना नायट्रेट बाहेर पडतं आणि मीठ पाण्यातच राहतं.

समजा ५० ग्रॅम नायट्रेट आणि ५ ग्रॅम मीठ आहे. ५० मिली पाणी घ्या आणि ढवळत ७० अंशांपर्यंत तापवा. विरघळताना हा क्षार उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरुवातीला चंचुपात्र हाताला गार लागेल. घाबरून पाणी वाढवू नका. तुमचे पहिल्या वेळचे स्फटिक याच पायी गेले असावेत : लवकर विरघळेना म्हणून पाणी घालत गेलं की द्रावण निवल्यावरही संपृक्त होत नाही. असं झालंच, तर तापवून पाणी आटवा.

कचरा दिसला तर गरम असतानाच गाळा. नरसाळं आधी गरम पाण्यानं तापवून घ्या आणि आखूड दांडीचं वापरा, नाहीतर स्फटिक दांडीतच जमून ती बुजते. मग झाकून स्वस्थ ठेवा. खोलीच्या तापमानाला आल्यावरच बर्फात ठेवा. थेट बर्फात ठेवलं तर पिठासारखे बारीक कण पडतात आणि त्यांच्या फटींत खारट पाणी अडकून बसतं. निवूनही काही दिसेना, तर काचकांडीनं पात्राच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी घासा किंवा शुद्ध नायट्रेटचा एक कण टाका. पहिला स्फटिक जमायला आधार लागतो, तो मिळाला की बाकीचे भराभर येतात.

शून्याला आणलं तर ५० मिली पाण्यात साडेसहा ग्रॅम नायट्रेट मागे राहील आणि सुमारे ४३ ग्रॅम हाती येईल. २० अंशांनाच थांबलात तर ३४. गाळल्यावर स्फटिकांना चिकटलेलं पाणी धुणं फार महत्त्वाचं. ते राहिलं, म्हणूनच दुसऱ्या वेळचे स्फटिक खारट निघाले. बर्फाइतकं थंड पाणी ५ मिली, दोनदा, तेही साचू न देता. प्रत्येक धुण्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडं अधिक नायट्रेट जाईल, ते जाऊ द्या. वाळलेले चार कण शुद्ध पाण्यात विरघळवून पहिल्या उत्तरातली तीन नळ्यांची चाचणी लावा. कोऱ्या नळीपेक्षा जास्त धुरकट दिसलं तर पुन्हा एकदा स्फटिक करा.

प्रश्न : क्षारातले धातू गटागटानं साका पाडून ओळखताना तिसऱ्या ग्रुपला अमोनियम क्लोराइड आधी आणि अमोनिया नंतर, असा आग्रह का? शेवटी दोन्ही एकाच नळीत जातात.

उत्तर : जातात, पण मधल्या क्षणात घोटाळा होतो. नुसता अमोनिया घातला तर हायड्रॉक्साइड आयन इतके वाढतात, की पुढे ओळखायचं मॅग्नेशियमही इथेच साका होऊन पडतं. अमोनियम क्लोराइड आधीपासून असेल तर त्यातले अमोनियम आयन अमोनियाला मुरड घालतात. हायड्रॉक्साइड इतपतच उरतात, की लोह, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम तेवढे खाली बसावेत. म्हणून क्लोराइड चिमूटभर नको, सढळ हातानं घाला.

त्याआधीच्या दोन पायऱ्या बरेच जण गाळतात. दुसऱ्या ग्रुपमधला हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवायचा. वाफेवर धरलेला लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडेनासा झाला की तो गेला. राहिला तर अमोनिया घालताच चौथ्या ग्रुपचे सल्फाइड तिसऱ्यात पडतात. दुसरी पायरी म्हणजे संहत नायट्रिक आम्लाचे दोनचार थेंब घालून उकळणं. हायड्रोजन सल्फाइडनं लोहाला फेरस (दोन धनभारांचं) केलेलं असतं आणि फेरस लोह इथे पूर्ण खाली बसत नाही. त्याला पुन्हा फेरिक (तीन धनभारांचं) करावं लागतं. मग तांबूस तपकिरी साका म्हणजे लोह, हिरवट म्हणजे क्रोमियम, आणि पांढरा, जिलेटिनसारखा, जवळजवळ पारदर्शक म्हणजे ॲल्युमिनियम. हा शेवटचा उजेडासमोर धरून न पाहिल्यानं अनेकांचा सुटतो.

प्रश्न : सेपरेटिंग फनेलमध्ये (एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायच्या कॉकवाल्या नरसाळ्यात) मध्येच लोण्यासारखा थर धरतो, तो तासभर सुटत नाही.

उत्तर : फार जोरात हलवलंत. फनेल हलक्या हातानं उलटसुलट करा आणि दर दोनतीन वेळांनी तोंड खाली, दांडी वर धरून कॉक उघडून वायू सोडा. दांडी माणसांपासून दूर असू द्या. थर जमलाच तर मिठाचं संपृक्त द्रावण थोडं घाला आणि फनेल नुसतं गोल फिरवा. त्यानंही न सुटल्यास मधला थर कापसाच्या बोळ्यातून गाळा.

ईथर पाण्यावर तरंगतं, क्लोरोफॉर्म तळाशी जातं. तरी शंका असेल तर वरून पाण्याचा एक थेंब सोडा. तो ज्या थरात मिसळतो तो पाण्याचा. काम संपेपर्यंत एकही थर फेकू नका. खालचा थर काढताना आधी बूच काढा, नाहीतर धार अडते.

एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पदार्थ द्रावकात पाण्याच्या चौपट विरघळत असेल आणि पाणी १०० मिली असेल, तर ९० मिली द्रावक एकदम वापरल्यावर जवळपास २२ टक्के पदार्थ पाण्यातच राहतो. तेच ३० मिली तीनदा वापरलं, तर ९ टक्क्यांच्या आसपास.

प्रश्न : ऊर्ध्वपातनात थर्मामीटर खऱ्या उत्कलनांकापेक्षा कमी दाखवतो.

उत्तर : त्याचा फुगा फार वर आहे. फुग्याचं वरचं टोक बाजूच्या नळीच्या खालच्या कडेशी आणा, म्हणजे बाहेर जाणारी वाफ त्याला पूर्ण वेढेल. उकळी शांत राहावी म्हणून घालायचे चिनी मातीचे तुकडे द्रव थंड असतानाच टाका. तापलेल्या द्रवात टाकले तर तो एकदम उसळून बाहेर येतो.

प्रश्न : दोन बाटल्यांची लेबलं गळून पडली आहेत. एकीत युरिया आणि दुसरीत सिनॅमिक आम्ल आहे, एवढं ठाऊक आहे. दोन्ही पांढरे, दोघांचाही द्रवणांक १३३ अंशांच्या जवळपास आला. आता?

उत्तर : द्रवणांकानं इथे हात टेकले तरी मिश्रणाचा द्रवणांक उपयोगी पडतो. कपाटात खात्रीचा युरिया असेल, तर तो आणि एका बाटलीतली पूड समसमान घेऊन एकत्र घोटा. एका टोकानं बंद केलेल्या केशनलिकेत २ ते ३ मिलिमीटर उंचीपर्यंत ठासून भरा. शेजारी नुसत्या युरियाची नळी लावा. ११५ अंशांपर्यंत झपाट्यानं तापवा, पुढे मिनिटाला १ ते २ अंश एवढंच. वेगानं तापवलं तर थर्मामीटर आणि पूड यांचा मेळ राहत नाही आणि आकडा फसवा येतो. दोन्ही पूड एकच असतील तर मिश्रणही १३३ लाच, नेमकं आणि एकदम वितळेल. वेगळ्या असतील तर ते बरंच आधी ओलसर होऊन रेंगाळत वितळेल.

या जोडीसाठी त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक पूड चिमूटभर घेऊन थंड पाण्यात टाकणं. युरिया लगेच विरघळतो, सिनॅमिक आम्ल तरंगत राहतं. मग खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाका : आम्ल फसफसेल, युरिया नाही. युरियाची पक्की खूण हवी असेल तर कोरड्या नळीत थोडा वितळवून अमोनियाचा वास येईपर्यंत हलकेच तापवा आणि थंड होऊ द्या. उरलेला भाग पाण्यात घेऊन सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचुदाच्या अगदी विरल द्रावणाचा एक थेंब घाला, जांभळा रंग येईल. थेंब एकच, जास्त मोरचूद पडलं तर त्याच्या निळ्या साक्यात जांभळा बुडून जातो.